दुसरी गोळी उतरल्यावर

मी, हिरामण सखाराम शेजवळ, वय ७१ पूर्ण, धंदा पूर्वी टर्नर, आता पेशंट, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली किंवा सांगण्यावरून नव्हे, तसेच कोणत्याही गोळीच्या अमलाखाली नव्हे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. हाताला कंप आहे, त्यामुळे ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढे होते. ते आजाराने होते, भीतीने नाही. वाचणाऱ्याने चष्मा लावून बसावे.

१. यापूर्वी दि. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यात माझा पालेगावचा फ्लॅट श्रीमती तुळशीबाई (पाहा कलम ७) यांना हयातभर राहण्यासाठी दिला होता. माझा मुलगा मिलिंद याने ते वाचले आणि चारचौघांत सांगितले की हे बाबांनी लिहिलेले नाही, त्यांच्या गोळीने लिहिले आहे, आणि कोर्टात ते दोन मिनिटे टिकणार नाही. म्हणून ती गोळी बंद करून, पंचाण्णव दिवस थांबून, मी आज पुन्हा लिहायला बसलो आहे. मिलिंदने आता दुसरे कारण शोधावे.

२. माझ्या शुद्धीबद्दल. २०१९ साली मला कंपवात असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. त्यात डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या माझ्या मरत चालल्या आहेत. या द्रव्यावाचून हात हलत नाही, पाय उचलत नाही आणि एखादी गोष्ट हवीशीही वाटत नाही. पहिली गोळी ती तूट भरून काढते. ती मी आजही घेतो. २०२२ साली डॉक्टरांनी दुसरी, छोटी गोळी जोडली. ती आपणच ते द्रव्य आहोत असे मेंदूला भासवते, आणि मेंदू बिचारा तिच्यावर विश्वास ठेवतो.

ती गोळी सुरू झाल्यावर माझा हात चालू लागला आणि जीव नको तितका खूश राहू लागला. उल्हासनगरच्या जीन्स मार्केटमधून मी सहा महिन्यांत चौदा जीन्स आणल्या. आयुष्यभर मी साधी पँट घातली आहे. घरातली सगळी घड्याळे, मिक्सर आणि पंखे खोलून ठेवले. एकदा भर दुपारी सोसायटीचा पाण्याचा पंप खोलून त्याचे त्रेचाळीस भाग जिन्यात मांडले. पंप बिघडलेला नव्हता. बिल्डिंगचे नळ दोन दिवस कोरडे राहिले. सेक्रेटरी हरिचंद्र म्हात्रे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांची लेखी माफी मागतो, पण भाग क्रमाने लावलेले होते एवढे त्यांनी मान्य करावे. आणखीही काही इच्छा होत असत, त्या सुनेने वाचायच्या कागदावर लिहिता येत नाहीत.

हे सगळे गोळीमुळे होते आहे हे ओळखले ते माझ्या सुनेने. संध्या उल्हासनगरला मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. गोळीच्या खोक्यातला दुष्परिणामांचा तो घडी घातलेला कागद, जो कोणी वाचत नाही, तो तिने वाचला. डॉक्टरांना फोन तिनेच केला. त्या दिवशी मी तिला नाही नाही ते बोललो. तिने ऐकून घेतले आणि जाताना माझ्यासाठी खिचडी लावून गेली. याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

३. मिलिंदच्या म्हणण्याबद्दल. संध्याने तो कागद पंपाला लावला, मिलिंदने तो तुळशीबाईंनाही लावला. आमचे बोलणे झाले ते असे.

"बाबा, हे प्रेम-बिम काही नाही. केमिकल आहे. तुमचा ब्रेन हायजॅक झालाय, तुम्हाला कळत नाहीये."

"आणि तुझा?"

"माझा नॉर्मल आहे ना."

मिलिंद, चोविसाव्या वर्षी मी तुझ्या आईला, विठाला, एका हळदीत पाहिले आणि तीन दिवस मला अन्न गोड लागले नाही. त्या वयात रक्तात जे उसळते त्यापुढे ही गोळी काहीच नाही. तेव्हा कोणी माझे रक्त तपासले नाही. संसार अडतीस वर्षे चालला, तू झालास, आणि नऊ वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी जेवण सोडले, तेही बहुधा कुठल्यातरी द्रव्यानेच. मग ते लग्नही रद्द करायचे का? तू संध्यासाठी घर सोडून निघाला होतास, तेव्हा मी तुझ्याकडे डॉक्टरचे सर्टिफिकेट मागितले नाही. मंडप घातला.

त्यानंतर तू मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवलास. त्यात सांगितले होते की उत्क्रांतीमुळे म्हाताऱ्या नरालासुद्धा तरुण मादीची ओढ वाटते, कारण वंश वाढवायचा असतो. मी तो दोनदा पाहिला. तुळशीबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे गेले आहेत. आमच्यापासून कोणाचा वंश वाढणार आहे, हे त्या व्हिडिओवाल्याला विचारून मला कळव.

४. मिलिंदचा वाटा. कपाळ, उजव्या भुवईतला भोवरा आणि समोरच्याचे अर्धेच ऐकण्याची खोड हा वाटा मी त्याला जन्माच्या वेळीच दिला आहे. त्याला मुद्रांक लागला नाही आणि तो परत घेता येत नाही. बाकी उल्हासनगर कॅम्प चारमधला गाळा आणि बँकेतली सर्व ठेव मी त्याला देतो. बारीक मापे घेण्याचा माझा मायक्रोमीटर मात्र नात जिज्ञासा हिला द्यावा. मिलिंद त्याने अक्रोड फोडेल.

एक गोष्ट इथेच लिहितो. मागच्या वर्षी डॉक्टरांकडून निघताना मिलिंद दारातून परत फिरला आणि त्याने हळू आवाजात विचारले, "डॉक्टर, हे मला पण होणार का?" बहुतेकदा हा आजार वारशाने येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. तोवर मला वाटत होते की त्याचा सगळा राग फ्लॅटसाठी आहे. रिक्षात मी त्याचा हात धरला. माझा हात थरथरत होता, तरी बदलापूरचा फाटा येईपर्यंत त्याने तो सोडवला नाही. तो वाईट मुलगा नाही. घाबरलेला आहे.

५. देहाबद्दल. माझ्या मागे त्रिशरण-पंचशील म्हणावे, दुसरे काही करू नये. मेंदू एखाद्या मेडिकल कॉलेजला हवा असल्यास द्यावा. तिथल्या मुलांनी तो कापून, चिरून, काचेखाली ठेवून पाहावा. त्यात कुठे तुळशीबाईंचे नाव सापडले तर मिलिंदला तसे लेखी कळवावे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सून संध्या हिने करावी. तिने मला एकदा पकडले आहे. तिला बाकीचे कोणी फसवू शकेल असे मला वाटत नाही.

७. फ्लॅटबद्दल. तुळशीबाई मूळच्या सोनिवलीच्या. नवरा लवकर गेला. दिरांनी शेत बिल्डरला दिले तेव्हा कागदावर यांचा अंगठा घेतला आणि वाटा दिला नाही. त्या शेतावर आता चौदा मजले उभे आहेत. शिवमंदिराच्या रस्त्याला त्या भाजीची गाडी लावतात आणि भाड्याच्या एका खोलीत राहतात. ती चाळ या दिवाळीनंतर पाडायची आहे. त्यानंतर त्यांना जागा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या वजनकाटा दुरुस्तीला घेऊन माझ्या गाळ्यावर आल्या. मी उठलो आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटले. या आजारात असे होते. माणूस दारात खांबासारखा उभा राहतो, लोक मागून ढकलतात आणि तो पडतो. तुळशीबाईंनी ढकलले नाही. कोपऱ्यातला झाडू उचलून माझ्या पायांपुढे आडवा ठेवला.

"बांध हाय असा समजा," त्या म्हणाल्या. "बांधावरशी पाय टाकतान तसा टाका."

पाय उचलला गेला. डॉक्टर म्हणाले, चालण्याची मेंदूतली नेहमीची वाट बंद पडली तरी डोळ्यांना रेघ दिसली की दुसऱ्या वाटेने काम होते. ते त्यांनी पुस्तकात वाचले होते. तुळशीबाई भातशेतीत वाढल्या. पुढे त्या घरी येऊ-जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी माझ्या घरात प्रत्येक दाराशी लाल चिकटपट्टीच्या रेघा मारल्या. मिलिंद म्हणाला, फ्लॅटचे कबड्डीचे मैदान केले. त्या रेघांवरून मी दोन वर्षे न पडता चालतो आहे.

आता गोळीची परीक्षा. जानेवारीपासून डॉक्टरांनी ती हळूहळू उतरवली. शेवटची ११ मार्चला घेतली. त्यानंतर माझे शरीर मागे गेले, हे मी कबूल करतो. शर्टाची बटणे लावायला पंधरा मिनिटे लागतात. जीन्स वाटून टाकल्या. घड्याळे खोलावीशी वाटत नाहीत. आणि मिलिंद, आणखी एक गोष्ट गेली, ती लपवली तर हा कागद खोटा ठरेल. तुळशीबाई दारात आल्या की माझ्या छातीत जे धडधडत असे, ते बंद झाले. तू म्हणत होतास ते इतके खरे निघाले. आपण या बाईला फसवले असे आठ दिवस वाटत राहिले.

मग एका मंगळवारी त्या मेथी निवडत असताना मी सांगून टाकले. "तुळशीबाई, पूर्वी तुम्ही आलात की मला काहीतरी व्हायचं. आता होत नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मना त कवाच काय होत नव्हता," त्या म्हणाल्या. "मी काय त्याच्यासाठी येत व्हते? बाराची गोली खाल्ली का?"

मी खाल्ली नव्हती. त्यांनी पाणी आणून दिले. मला त्या आलेल्या हव्या होत्या. छातीत काही होत नव्हते, तरी हव्या होत्या. यामागेही मेंदूतले कुठलेतरी द्रव्य असेल. असू दे. माझ्या मेंदूतले आहे, म्हणजे माझेच आहे.

त्याच दुपारी जुने मृत्युपत्र काढून वाचले. फ्लॅटच्या कलमात मी लिहिले होते: "जोपर्यंत त्या एकट्या राहतील व कोणाही परपुरुषास घरात घेणार नाहीत, तोपर्यंत." मला ते लिहिल्याचे आठवते. गाडीवर एक गिऱ्हाईक त्यांच्याशी हसून बोलले होते आणि मला दोन रात्री झोप आली नव्हती. मिलिंदने त्या मृत्युपत्रातल्या प्रत्येक ओळीवर शंका काढली. या अटीबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही.

सबब, माझ्या पश्चात हा फ्लॅट तुळशीबाईंनी हयातभर वापरावा. त्यांनी तिथे कोणाला बोलवावे, कोणाला ठेवावे, कोणाबरोबर हसावे, हे त्यांचे त्या पाहतील. त्यांच्यानंतर फ्लॅट मिलिंद व संध्या यांचा. अट कोणतीही नाही. मिलिंद, जुन्या कागदात गोळीने लिहिलेले काहीतरी होते, हे तुझे बरोबर होते. ती अट गोळीची होती. घर मी दिले होते.

हे सर्व मी लिहून, मोठ्याने वाचून, साक्षीदारांसमोर सही केली आहे. सहीला चार मिनिटे लागली, तेवढा वेळ दोघेही उभे होते.

सही: हिरामण सखाराम शेजवळ

साक्षीदार १: डॉ. विनिता कर्णिक, मेंदूविकारतज्ज्ञ. मी पेशंटला आज तपासले. दुसरी गोळी ११ मार्चपासून बंद आहे. ते काय लिहीत आहेत हे त्यांना पूर्ण समजते.

साक्षीदार २: टेकचंद लालवानी, शेजारचा गाळा, कॅम्प चार. माझ्यासमोर सही केली. मी मधे पेन धरायला हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही.

ठिकाण: पालेगाव, अंबरनाथ पूर्व
दिनांक: १४ जून २०२५