गचका न देता

तीर्थरूप दादा,

वाकून नमस्कार. (खरंच वाकून. गाडीच्या स्टिअरिंगखाली डोकं घालून बघितल्यापासून कंबर सरळ व्हायला तयार नाही. आयतीच वाकलेली आहे तर नमस्कार करून घेते.) तू, वहिनी आणि तुझा तो गुडघा, तिघंही बरे असाल अशी आशा आहे. इकडे मी मजेत, गाडी चालू आणि अण्णा गप्प. या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगायलाच लिहायला बसले आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि मी बोलायला लागले की आपले वडील पलीकडच्या खोलीत पेपर उलटायचा थांबवून ऐकत बसतात. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

गाडी घेतली तेव्हा तू म्हणाला होतास की जुनी गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत आणणं. दातांच्या डॉक्टरांची गाडी, एकहाती वापरलेली, आतून अजून लवंगेच्या तेलाचा वास येतो, एवढं सांगूनही तू ऐकलं नाहीस. पुढे ती बंद पडायला लागली तेव्हा तुझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मला फोनवरूनसुद्धा ऐकू आला. असो. तुला हेही माहीत आहे की ती गाडी नावाला माझी, चालवायचे अण्णा. दवाखान्याचे डगले, शाळेचे गणवेश, जे काही माझ्या दुकानात शिवून होतं ते गठ्ठे बांधून पोचवायचं काम त्यांचं. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं हो! रिटायर झाल्यावर चार महिने भिंतीकडे बघून झालं आणि एक दिवस स्वतःच येऊन म्हणाले की तुझ्याकडे माल जाण्याची काही पद्धतच नाही. जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस, त्याला माझ्या दुकानात पद्धत दिसेल कुठून? तेव्हापासून गठ्ठ्यांना गाठ त्यांची आणि गाडीला हात त्यांचा.

तर ही गाडी मधूनच बंद पडायची. मधूनच म्हणजे अगदी मनात येईल तेव्हा. चौकात वळताना, गतिरोधकावरून उतरताना, कधी दवाखान्याच्या दारात सगळे बघत असताना. किल्ली परत फिरवली की जसं काही घडलंच नाही अशी चालू. मेकॅनिककडे नेली की मात्र शहाण्या मुलीसारखी वागायची. त्याने पेट्रोलात कचरा आहे म्हणून फिल्टर बदलला, मग प्लग बदलले, मग बॅटरीच्या तारा घासल्या. प्रत्येक वेळी स्वतः लांब फेरी मारून यायचा आणि गाडीत काही नाही म्हणून लेस लावलेली किल्ली माझ्या हातात ठेवायचा. (गॅरेजला नेहमी ती जादाची किल्लीच जायची. अण्णा स्वतःचा जुडगा कोणाच्या बापाला देत नाहीत. जुडगा दुसऱ्याच्या हातात गेला की मालाला जबाबदार कोण, हा त्यांचा सवाल, आणि कारखाना बंद पडून युगं लोटली तरी तो लागू आहे.) मीही ती लेसवाली किल्ली घेऊन बाजारात जाऊन यायचे. कधी म्हणून कधी बंद पडली नाही. शेवटी मेकॅनिक मान खाली घालून, बोटाला पुसायचं फडकं गुंडाळत, फार हळू म्हणाला की ताई, राग मानू नका, पण गाडी फक्त बाबांच्याच हातात बंद पडते.

यानंतर तुझा फोन. तुला आठवतच असेल, पण तू बोलत असताना इकडे काय चाललं होतं ते तुला दिसत नव्हतं म्हणून सांगते. वय झालं, क्लचवरून पाय सटकत असणार, एक दिवस कोणाला तरी उडवतील, किल्ली काढून घे, असं तू एका दमात म्हणालास. मी हो हो म्हटलं. (म्हटलं तर म्हटलं. तेव्हा मलाही ते पटलं होतं. तू लांबून ठरवलंस, मी जवळ बसून ठरवलं, एवढाच काय तो फरक.) फोन स्पीकरवर होता, अण्णांनी सगळं ऐकलं होतं. त्याआधी त्यांनी मला एकदाच समजावलं होतं की क्लचने बंद पडते ती गाडी गचका देते, ही गचका देत नाही, गुपचूप जाते, दिवेसुद्धा घेऊन जाते. मी कापडावर खडूने आखत होते, मान हलवली आणि आखत राहिले. त्या दिवशी त्यांनी परत काही समजावलं नाही. जुडगा आणून माझ्या कापायच्या टेबलावर कात्रीशेजारी ठेवला. म्हणाले, चार्ज देताना सही घेतात, पण घरातल्या घरात राहू दे.

दादा, पुढचं मला फोनवर सांगताच आलं नसतं. अण्णा गठ्ठे पायी पोचवायला लागले. छोटे छोटे करून, चार चार खेपा. तेही चाललं असतं, माणूस हट्टी आहे. पण एका सकाळी गॅससमोर काडेपेटी हातात धरून उभे आणि मला विचारतायत, पेटवू ना? मला वाटलं थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, तू एकदा ओढून बघ. ज्या माणसाने अख्ख्या कारखान्याची कुलपं लावली तो माणूस! संध्याकाळी रस्ता ओलांडताना माझ्या कोपराला धरलं. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. गाडीचं जाऊ दे, ती भंगारात घातली असती. आपण त्यांचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला होता, आणि तो कुठल्या गॅरेजात बसवून मिळतो ते मला माहीत नव्हतं.

आता ऐक. मागच्या आठवड्यात दवाखान्याचे डगले घेऊन मीच गाडीने निघाले तर लेसवाली किल्ली सापडेना. (ती नंतर एका गिऱ्हाईक बाईच्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेली निघाली. बाईला मापाला बोलावलं तेव्हा तिलाच सापडली.) घाई होती म्हणून टेबलावरचा अण्णांचा जुडगा उचलला. देवा रे, काय वजन! कारखान्याच्या स्टोअरच्या किल्ल्या, मेलेल्या सायकलीची किल्ली, आईच्या मशीनच्या पेटीची, पितळेची एक तर अशी की तिने एखाद्याला मारता येईल. सगळं त्या स्टिअरिंगजवळ लोंबतंय आणि मी निघालेय. मोठ्या चौकात वळण घेतलं, खड्ड्यात चाक गेलं, आणि गाडी गेली. गचका नाही. आवाज नाही. दिवेसुद्धा गेले.

मागे एक बस होती. तिचा ड्रायव्हर अर्धा बाहेर येऊन ओरडला, अहो बाई, क्लच, क्लच! हातपाय चालत नाहीत तर घरी बसा की! दादा, अगदी तुझाच आवाज. माझा पाय क्लचवर पुरता दाबलेला होता, मी खाली वाकून बघितला. आणि मला हसू फुटलं. भर चौकात, सगळे भोंगे वाजवतायत आणि ही बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतेय. पोलीस आला तर त्याला मी आनंदाने म्हटलं की बंद पडली, माझ्या हातात बंद पडली! तो बिचारा दोन पावलं मागेच सरकला.

डगले तसेच गाडीत ठेवून मी सरळ गॅरेजला गेले. मेकॅनिकने जुडगा बघितला आणि त्याचा चेहराच बदलला. गाडी उभ्या जागी चालू करून त्याने जुडग्याला एका बोटाने टपली मारली. गाडी बंद. परत चालू, परत टपली, परत बंद. किल्लीच्या मागचा स्विच झिजला होता. नुसती किल्ली असली की धरून राहायचा, या वजनाला झोका बसला की सोडून द्यायचा. बस्स, एवढंच! मेकॅनिक माझ्यावरच उखडला, की हा जुडगा आधी का नाही दिलात. मी काय सांगणार? की मालाला जबाबदार कोण? आम्ही दुखणं घरी ठेवून पेशंटला डॉक्टरकडे नेत होतो.

नवा स्विच बसवून मी वाजतगाजत घरी आले. अण्णांना सगळं सांगितलं, बसवाल्याचा आवाज काढून दाखवला, टपली मारून दाखवली. ते ऐकून घेत होते. मला वाटलं आता हसतील, म्हणतील सांगत होतो की नाही. ते गाठ मारत असलेला गठ्ठा तसाच धरून म्हणाले, गाडीचं कळलं. पण तुम्हा दोघांना माझ्याबद्दल इतक्या लवकर कसं पटलं, ते नाही कळलं. आणि गाठ पुरी मारली. याचं उत्तर तुला सुचलं तर कळव. गाडीची किल्ली आता सुटी करून खुंटीला लावली आहे. तिच्याकडे ते बघतसुद्धा नाहीत.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव आणि त्याच्यावर ओरडू नकोस, तोही जुनाच आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. : खरं काम पुढेच आहे. तू चार दिवस ये. माफी वगैरे मागू नकोस, तुला ती मागता येत नाही आणि त्यांना ऐकता येत नाही. फक्त फोन करून म्हण की अण्णा, स्टँडवर न्यायला या. माझ्याकडे ते किल्ली घेणार नाहीत, तुझ्यासाठी घेतील. आणि आलास की पुढे त्यांच्याशेजारी बस, मागे नाही. सांभाळून, हळू, ब्रेक, यातला एक शब्द तोंडातून काढलास तर मी बहीण नाही. त्यांच्यात काही म्हणजे काही दोष नाही, हे मी शपथेवर सांगते.

आणखी ता. क. (हे अक्षर माझं) : चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायला हिने माझ्याकडे दिलं. आतला माल न बघता पाकीट बंद करायची मला सवय नाही, म्हणून सगळं वाचलं. लिहिलंय ते बरोबर आहे, फक्त जुडग्याचं वजन वाढवून सांगितलंय. एक गोष्ट हिला माहीत नाही. दिवेलागणीनंतर समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे मला फुटल्यासारखे दिसतात आणि रस्त्याची कड सापडत नाही. हे बरेच दिवस आहे. सांगणार होतो, पण तुम्ही क्लच धरून बसलात. न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खाणाऱ्या माणसाला खरं दुखणं सांगायची इच्छा राहत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्या जाणार आहे. उजेड असेपर्यंत मी चालवीन, अंधार पडला की ही चालवेल. हे मी ठरवलं आहे, तुम्ही नाही. खुंटीवरची किल्ली आत्ताच काढून घेतली. तू निघशील तेव्हा इथे सकाळी पोचणारी बस धर. मी न्यायला येतो.