उभ्या धानातली लाखोळी

माय,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. पण केमोनंतरच्या गुंगीत तू न बोलावता यायचीस. पदर खोचलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल. खाटेशी उभी राहायचीस, बोलायची मात्र नाहीस.

मी बरी झालेय, डॉक्टर तसं म्हणतात. कित्येक महिन्यांनी अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा जिभेला कळला, त्या दुपारी मी ताटावरच रडायला लागले. तुझे जावई घाबरले. "मिरची जास्त पडली काय?" भाजी त्यांनीच केली होती, वर्षभर स्वयंपाक तेच करत होते. मला रडता रडता हसू आलं. कॉन्व्हेंटात जेवणाआधी म्हणायला शिकवलेली प्रार्थना मी त्या दिवशी जेवण झाल्यावर म्हटली, त्यांच्याकडे बघत.

तरी एक गोष्ट जमत नव्हती, पुढचं काही ठरवणं. लेकीचं लग्न जुळून वर्ष झालं, पण तारीख मी देईना. हा रिपोर्ट येऊ दे, मग पाहू. तो आला की पुढचा. परवा ती फोनवर म्हणाली, "आई, तुझे रिपोर्ट काही संपून नाई राह्यले. आम्ही दोघं लग्नाआधीच म्हातारे होऊन जाऊ." हसत म्हणाली, पण जेवलीस का हे विचारायला त्या दिवशी विसरली.

फोन ठेवला आणि कुरखेड्याची आपली धानाची बांधी दिसू लागली. मी हॉस्टेलमधून दिवाळीच्या सुट्टीत आलेली, पांढरे मोजे हातात धरून बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी. धान पिवळं पडत चाललंय, कापणीला अजून पंधरा दिवस आहेत, आणि तू त्या उभ्या धानात शिरून मुठीमुठीनं लाखोळीच्या डाळीचं बी फेकते आहेस. दाणे लोंबांवर टपटपतात आणि खालच्या ओल्या मातीत दिसेनासे होतात. मी ओरडते, "माय, आधी कापणी, मग पेरणी! पुस्तकात तसंच आहे."

तू वळून हसतेस. "तुह्या सिस्टरले म्हण, एकडाव बांधीत उतरून पाह्य. धान कापून होयेपर्यंत ओल काय आपली वाट पाहून राह्यते?" मग माझ्या ओंजळीत दाणे ओततेस. "काऊन उभी हायेस? फेक."

मी फेकते. ती लाखोळी उगवलेली मात्र मी पाहिली नाही, शाळा सुरू झाली होती. आणि पत्रात तुला कधी विचारलंही नाही.

आज सकाळी लेकीला तारीख दिली. तिनं पहिलं हेच विचारलं, "आई, रिपोर्ट आला?"

"नाई अजून," मी म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. रिपोर्ट कालच आलाय. पाकीट कपाटात साड्यांखाली आहे, मी ते अजून उघडलेलं नाही.