उघड्या पोस्टकार्डावरचं अक्षर

मंगळवार, ९ मार्च १९७६

क्षयाच्या दवाखान्यात आज उपचार सोडलेल्या बायकांच्या नोंदी लावून पाहिल्या. एक खेप चुकली, आम्ही आठवणीचं पोस्टकार्ड धाडलं आणि त्यानंतर एकही परतली नाही. कारकून म्हणे, "बाई, निष्काळजीच असतात या."

निष्काळजी! त्यांतल्याच एका शांताची आई समोरच उभी होती. "पोस्टमननं गल्लीत वाचलं. सासूनं तिले त्याच दिवशी हाकललं. आता पोरगी औषधाले हात लावत नाही. असं उघडं काहून लिहिलं जी?"

उघड्या पोस्टकार्डावर 'क्षयरोग'! किळस आली. कारकुनाची नव्हे, माझीच. अक्षर चांगलं म्हणून ती सारी मीच लिहिली. शाळेत नन्सनी घोटवलेलं अक्षर, कुणालाही वाचता यावं असं.

उद्या औषध घेऊन शांताकडे जाते. तिनं दार उघडलं तर.