मेन म्हटलं की थांबायचं

बाबा, काल संध्याकाळी चामटोलीच्या शेतात मी तुमचा शब्द ओरडले. इतक्या जोरात, की आज घसा बसलाय आणि चहासुद्धा टोचत उतरतोय. लेक आतल्या खोलीत दार लावून बसली आहे. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही, म्हणून मी तुमच्याशी बोलते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय, आणि त्या फोटोतही तुम्ही गनिमाची खोटी दाढी लावून उभे आहात. लहानपणी ती त्या फोटोला घाबरायची.

मोरिवलीत आपल्या घरामागच्या मैदानावर तुम्ही दर हिवाळ्यात लढाई लावायचात. तुमच्या एमआयडीसीतल्या कंपनीतली माणसं, त्यांची पोरं, गावातले शेतकरी. अर्धे मावळे, अर्धे गनीम. गनीम व्हायला कोणी राजी नसायचं. त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे, म्हणून तुम्ही पाळी ठरवून दिली होती आणि स्वतः मात्र कायमचे गनिमांचे सरदार होऊन बसला होतात. भंगारातल्या पत्र्याच्या तलवारी तुम्हीच ठोकायचात, कडा आत दुमडून, कोणाला कापू नये म्हणून. आणि ढोल वाजायच्या आधी सगळ्यांना उभं करून दरवर्षी तेच सांगायचात, "कोणाला लागलं, कोण दबला, काय पण उलटंसुलटं वाटलं, तर 'मेन' ओरडायचं. थांबा नाय, वाचवा नाय, पाणी नाय. ते सगळं नाटकात येतं. मेन नाटकात येत नाय." कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये कोणाचा हात सापडला की हाच ओरडा व्हायचा, आणि खटक्याजवळ जो असेल तो मेन पाडायचा, सगळ्या यंत्रांची वीजच तोडायचा. कारण विचारत बसायचा नाही. दुसरा नियमही कंपनीतलाच होता. मेन म्हणणाऱ्याला मागाहून कोणी काही बोलायचं नाही, तो उगाच ओरडला असला तरी. "आज त्याला बोललात तर उद्या तो ओरडणार नाय," असं म्हणायचात आणि मग दाढी नीट करून आमच्यावर चाल करून यायचात.

त्या वर्षी मी पंधरा-सोळाची होते आणि मावळ्यांत पहिल्यांदाच एक मुलगी उभी राहिली होती. किती मिनतवाऱ्या करून तुम्हाला तयार केलं होतं मी. तुम्ही पलीकडे ढोलापाशी, उंचवट्यावर. मी खिंडीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या मध्ये. पहिल्याच रेट्यात दोन ढालींच्या मध्ये माझं बोट सापडतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण मी ओरडत नाही. पोरगी आहे म्हणून रडली, असं म्हणायला टपलेलेच असतात सगळे. मी हात शेल्यात गुंडाळते आणि दुसऱ्या हाताने लढत राहते. धूळ इतकी उठलीय की शेजारचा माणूस दिसत नाही. आणि त्या धुळीतून तुमचा आवाज येतो, "मेन! मेन!" सगळं मैदान जागच्या जागी थांबलं. तुम्ही माणसं बाजूला सारत आलात, माझं डोकं चाचपलंत, मग मान, मग खांदे, आणि शेवटी शेल्यातून हात ओढून काढलात. बोट पाहून तुमचा चेहरा कसनुसा झाला आणि लगेच तुम्ही भडकलात. "मेन का नाय बोललीस? तोंड शिवलं होतं का? जिला ओरडता येत नाय तिनं माझ्या लढाईत यायचं नाय." सगळ्यांसमोर. हातातली तलवारसुद्धा काढून घेतलीत.

घरी आई ओट्यापाशी माझ्या बोटाला हळद भरत होती. इतक्या लांबून यांना कळलं कसं, असं तिने विचारलं. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "रक्त दिसलं मला." बस्स. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही मला नवी तलवार ठोकून दिलीत, मुठीवर जाड पत्र्याची वाटी बसवलेली, बोटं झाकणारी. मी ती घेतली, लढलेही, पण तो अपमान मी विसरले नाही. तुम्ही गेलात तेव्हाही तो माझ्या मनात होता. हे तुम्हाला ठाऊक होतं का, ते कळायला आता मार्ग नाही.

आता लढाई मी लावते. खरवईला राहते, हिवाळा आला की भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांवर जाते. काम फार वाढलंय, बाबा. गावोगावचे संच येतात, माणसं मोजवत नाहीत, बांबू आणि प्लायचा दोन मजली बुरूज उभा राहतो, धूर सोडणारी यंत्रं, मोठाले स्पीकर, वरून उडणारा कॅमेरा आणि त्याचं चित्र दाखवणारा मोठा पडदा. शेल्यांचं कापड घ्यायला उल्हासनगरला गेले की दुकानदार शेठ हळहळतो, "बेटा, ये तो शादी का कपडा है, लडाई में क्यों फाडती हो?" शब्द मात्र मी तुमचाच ठेवलाय. बाहेरच्या संचांना सांगितला तेव्हा ते हसले. आयोजकांचा मुलगा म्हणाला, "ताई, वॉकी है, शिट्टी है, टेन्शन कायको?" मी तरी तो सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतला.

यंदा लेक बुरुजाच्या दारात होती. शेवटपर्यंत दार धरायचं, मग पडायचं, आणि गनीम तिच्या अंगावरून आत घुसणार. मी तिला एकच अट घातली होती, पडल्यावर एक गुडघा उभा ठेव, म्हणजे मला दिसशील. "आई, मेलेला माणूस गुडघा वर करून झोपतो का?" ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या लढाईत झोपतो. "बरं बाई," असं म्हणून ती गेली. तिचं ते "बरं बाई" मला चांगलं माहीत आहे. तुम्हालाही मी तेच म्हणायचे.

दिवस कलला होता, दिवे नुकते लागले होते. गनीम दारावर येतात. ती लढते आहे, छान लढते आहे, वाटीची ती तलवार तिच्याच हातात आहे. मग ती पडते. पहिली रांग आत घुसते, दुसरी घुसते, आणि नेमका तेव्हाच धूर सोडला जातो. मी मचाणावरून गुडघा शोधते आहे. ढाली दिसतात, पाय दिसतात, गुडघा नाही. मागचे अजून रेटताहेत. वॉकीवर सगळे एकदम बोलताहेत. शिट्टी फुंकते तर ढोलात ती माझी मलाच ऐकू येत नाही. माझीच पोरगी आहे ती, बोट तुटलं तरी ओरडणार नाही, हेच डोक्यात घणघणत होतं. आणि मी ओरडले, "मेन! मेन! मेन!"

पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही हसला असतात. आपल्याकडची जुनी माणसं थांबली, पण बाहेरची रेटतच राहिली. तेवढ्यात दिवे गेले. स्पीकर गप्प, त्यांतला ढोल गप्प, पडदा काळा. मचाणाखालीच जनरेटरपाशी उल्हासनगरचा लाईटवाला बसला होता, त्याने माझा ओरडा ऐकला आणि खराखुरा मेन पाडला. त्या शांततेत सगळे आपोआप थांबले. मी मचाणावरून उतरले की पडले, आठवत नाही. धुरात शिरले. ती दारातच पडली होती, डोळे मिटून, दोन्ही पाय सरळ, अगदी खऱ्या मेलेल्या माणसासारखी. मी तिचं डोकं चाचपलं, मान चाचपली, खांदे चाचपले. तिने डोळे उघडले. "आई? काय झालं?" कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

मग बोलणी खाल्ली. आयोजकांचा मुलगा रडकुंडीला आला होता, "ताई, लाईव्ह चालू होतं! किसको लगा? दाखवा ना!" बाहेरचे संच तर काय वाटेल ते बोलले. लाईटवाल्याला धरलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साईं, मैं भी एमआयडीसी में था. मेन बोला तो गिराने का, पूछने का नहीं." आपल्या जुन्यांपैकी एकानेही मला शब्दाने विचारलं नाही. ढाली गोळा करून ते टेम्पोत भरत राहिले. लेकही गप्पच होती, आणि अजून आहे. दारातल्या त्या लढाईसाठी तिने वर्षभर केलेली मेहनत मी मातीत घातली. ती रागाने गप्प आहे की नियमाने, तेच कळत नाही. मघाशी उठून पाहिलं तर ओट्यावर मीठ घातलेलं कोमट पाणी झाकून ठेवलं होतं, गुळण्यांसाठी. ठेवलं कधी, कळलंही नाही.

रात्री हातांना झोप नव्हती. ते तिचं डोकं आठवत होते, मग मान, मग खांदे. आणि एकदम लक्षात आलं. ज्याला बोटाचं रक्त दिसलंय तो आधी बोट धरेल, डोकं कशाला चाचपेल? हात तर मी शेल्यात गुंडाळला होता, आणि तुम्ही होतात पलीकडच्या उंचवट्यावर. तुम्हाला रक्तबिक्त काही दिसलं नव्हतं, बाबा. मी दिसेनाशी झाले होते.

आयोजकांना मी सांगितलंय की बुरुजाचा बांबू हलताना दिसला. लेकीलाही तेच सांगितलंय. बांबू हलला नव्हता. तिला खरं सांगायला हवं, हे कळतंय मला. पण आता ती दार उघडून बाहेर येईल, आणि मी पुन्हा बांबूचंच सांगेन.