उलट्या चिठ्ठीबाबत

मी, खाली अंगठा उठवणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा बिघडलेली टेप-कार्ट्रिज दुरुस्त करून त्यांतली माहिती वाचवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी. मला अक्षरओळख नाही. हस्ताक्षर थोरल्या मुलाचे, शब्द माझे. त्याने शहाणपणा करून काही गाळलेच, तर शेजारच्या डॉक्टरीणबाई शेवटी सगळे मोठ्याने वाचणार आहेत.

एक. पुढच्या दोन खोल्या थोरल्याला. सुनेला माझे कपाट, कुलपासकट. किल्ली कुठे असते ते तिला केव्हाचेच ठाऊक आहे.

दोन. मागची खोली, म्हणजे आपला कारखाना, टेप वाचायचे मशीन, हाताने फिरवायचे चाक, चिमटे, भिंग आणि माझे सुती हातमोजे धाकट्या लेकीला.

“आई, अकरा वर्षं तिनं इथं पाऊल टाकलेलं नाही,” असे थोरला म्हणतो. तेही लिही म्हटले.

तीन. ती का गेली ते सांगते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीच्या तळघरात पाणी शिरले आणि दोन कार्ट्रिज आपल्याकडे आली. एकात जन्माच्या नोंदी, दुसऱ्यात मृत्यूच्या. दोन्हींत टेपचे टोक पिनेवरून निसटलेले. मशीन त्या पिनेलाच धरून टेप ओढते. ती सुटली की आतले सगळे असून नसल्यासारखे. मी टेप सुकवल्या, पिना बसवल्या, नव्या कवचांत घातल्या. पण जुन्या कवचांवरच्या चिठ्ठ्या नव्यांवर लावताना अदलाबदल झाली. कचेरीने चिठ्ठ्या बघून नोंदी चढवल्या आणि शाळेत जाणारी पोरे मयतांत जमा झाली.

चिठ्ठ्या लावणे धाकटीचे काम. थोरला कचेरीच्या कारकुनासमोर तिला नको नको ते बोलला. मी खाली मान घालून चाक फिरवत राहिले. “चुकलं माझं,” एवढेच ती म्हणाली आणि त्याच दिवशी गेली.

चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. ती जेवायला गेली होती, मला घाई झाली. त्यातली एक उलटी लागली, डोके खाली, पाय वर. वाचता येणारा माणूस असे करील काय? धाकटीने बघताक्षणी ओळखले. पण इथे निरक्षर बाई चिठ्ठ्या लावते हे कारकुनाला कळले असते, तर काम गेले असते आणि माझे हसे झाले असते. म्हणून तिने चूक स्वतःच्या अंगावर घेतली. थोरल्या, इतकी वर्षे शाळा-कॉलेज करून तुला उलटी चिठ्ठी दिसली नाही होय रे? लिही. पेन का थांबले? नाक नंतर पूस.

चार. थोरल्याला एक गोष्ट कधी जमली नाही. टेप बोटभर चुरगळली तर हा वीतभर कापतो. कापलेल्यातले परत मिळत नाही. खराब तेवढेच कापावे, उरलेले जोडावे. हे त्याला शिकवणारीच एकदा चुकली.

पाच. हे माझ्या मरणाची वाट बघत ठेवू नये. थोरल्याने उद्याच धाकटीच्या दारात उभे राहून कलम तीन मोठ्याने वाचावे. दार उघडले नाही, तर आणखी मोठ्याने.

वाचून दाखवले, ऐकले, काही गाळलेले नाही.

साक्षीदार : शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), कोपऱ्यावरचा घड्याळजी (सही)
लिहिणार : थोरला मुलगा (सही, शाई जरा फुटलेली)
स्थळ : घराची मागची खोली
दिनांक : ९ मार्च

डाव्या हाताचा अंगठा : हा. उलटा उठला असल्यास धाकटीने येऊन सांगावे. या घरात दुसऱ्या कुणाला ते दिसायचे नाही.