नेत्राची उंची

मीरा रोड,
१२ जानेवारी २०२५

ती. ममताताईस,
शि. सा. न. रागावलेय, तरी नमस्कार आधी.

फोनवर भांडणच झालं असतं, म्हणून लिहितेय. नेत्राच्या सहाव्या वाढदिवसाला तू शिवलेला फ्रॉक तिच्या कमरेखाली उतरेना. तीन वर्षांच्या पोरीचं माप ते! जन्मापासून ती उभी राहत नाही, म्हणून ती वाढतही नाही असं वाटलं का गं तुला?

आणि त्याच पिशवीत तुझ्या निकेतचा फोटो. दाराच्या चौकटीला टेकून उभा, आपली आई त्याच्या डोक्याशी उंचीची खूण करतेय. खरं सांगते, जळफळाट झाला माझा. नेत्राहून तीनच दिवसांनी धाकटा तो. भाच्याचा हेवा करणारी मावशी, शी! पण वाटतो, त्याला काय करू?

निकेतला पापा. तुझ्यावरचा लोभ सध्या जरा कमी आहे.
मृणालिनी

उत्तन,
१९ जानेवारी

चि. सौ. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद, आणि कान पकडते.

गणपतीत ती माझ्या मांडीवर झोपली होती. मी टेप काढली, तर निजलेल्या पोराचं माप घेऊ नये म्हणून आई ओरडली. मग डोळ्यांनीच अंदाज केला. पाय आखडलेले, एवढीशीच दिसली गं.

हेवा म्हणशील तर मलाही येतो. आई चांगले बोंबील निवडून तुझ्यासाठी ठेवते, आम्हाला उरलेले. असो. नेत्राची खरी उंची डॉक्टरांना विचारून कळव, नवा फ्रॉक शिवते.

रुसवा सोड, एवढंच मागणं.
ममताताई

मीरा रोड,
२ फेब्रुवारी

ती. ताईस, नमस्कार. या वेळी हसतमुखाने.

थेरपीच्या डॉक्टर म्हणाल्या, उंची काढायला उभं राहायची गरजच नाही. कोपरापासून मनगटाच्या हाडापर्यंत टेप लावली, मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत. दोनदा मोजून, वय धरून त्यावरून उंचीचा हिशोब केला. अंदाजच आहे, थोडं इकडेतिकडे होईल, असंही बजावलं. एकशे अठरा सेंटिमीटर, ताई! वजन मात्र त्या मानाने कमी. लहान चणीची समजून मीच तिला कमी भरवत होते. घरी येऊन रडले. आता दुपारचा तूपभात वाढवलाय.

निकेत किती गं? मुद्दामच विचारतेय.

लोभ वाढलाय, कळावे.
मृणालिनी

उत्तन,
८ फेब्रुवारी

चि. सौ. मृणालिनीस, आशीर्वाद.

निकेत एकशे तेरा. खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून आधी पोटात दुखलंच माझ्या. दिवसभर उड्या मारणारं, ताजे मासे खाणारं माझं पोर, आणि नेत्रा त्याच्याहून उंच! लगेच त्याला भिंतीला उभा करून पुन्हा मोजला, टाचा उचलू नकोस म्हणून दटावलं. तेराच. तुझे भावजी धनेश हसत सुटले. मग माझीच मला लाज वाटली. त्या पोरीचा हेवा करणारी मी कसली मावशी? माफ कर.

तुझी लाजलेली,
ममताताई

मीरा रोड,
१४ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

माफी कसली मागतेस! सहा वर्षं सगळ्यांनी नेत्राची कीवच केली. बिल्डिंगमधल्या बायकांनी, पाहुण्यांनी, तूसुद्धा. तिचा हेवा आजवर कुणी केला नव्हता गं. तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. पोटात दुखल्याचं वाक्य तिने तीनदा वाचायला लावलं.

लोभ असावा. हेवाही थोडा असू द्यावा.
तुझी,
मृणालिनी