पहिली गोळी

१३ ऑगस्ट २००५, शनिवार. बॉथेल

नवी रायफल म्हणजे नवी सून. घरात आली म्हणून लगेच रुळत नाही, हे आज कळलं. शंभर यार्डांवरून तीन गोळ्या मारल्या, तिन्ही तीन गावच्या. एक तर कागदाच्या कडेला. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

डॉना खो खो हसली. “तुझी चूक नाही, हनी. अजून तुमची ओळख नाही झाली.” पंधरा वर्षं लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर होती, आता रिटायर. लहानपणापासून शिकार करते. दोन मोसम मी तिच्या मागे नुसती चालले, मांस वाहून आणलं. यंदा लायसन्स माझं, बंदूकही माझी. ऑक्टोबरात हरणांचा मोसम उघडेल तोवर ही वळणावर यायला हवी. आलीच पाहिजे.

खांदा काळानिळा.

१४ ऑग.

सासूबाईंनी खांदा पाहिला. जूनमध्ये नागपूरहून आल्यापासून बंदुकीबद्दल चकार शब्द काढला नव्हता त्यांनी. गॅरेजमधल्या त्या कुलूपबंद कपाटासमोरून जाताना तोंड मात्र फिरवायच्या. आज खोबरेल कोमट करून आणलं आणि मला स्टुलावर बसवलं. “कशानं झालं?” खरं ते सांगितलं. चोळत राहिल्या.

मग, “मारायचं कशाला पण?”

म्हटलं, आई, मी कोल्हापूरची. मटण खाते, हे लग्नाआधीच सांगितलं होतं. इथं प्लास्टिकखाली गुलाबी तुकडे मिळतात, ते आणते, शिजवते. मारायचं काम दुसऱ्यानं करायचं आणि रस्सा मी ओरपायचा, याची लाज वाटते आता.

“तडफडतं का ते?”

“नेम नीट असला तर नाही. कळायच्या आत संपतं.”

“आणि नसला तर?”

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली.

“तडफडलं तर ती वस्तू या घरातून जाईल. आणि मला खरं सांगायचं. कबूल?”

कबूल केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा या विषयावर आम्ही बोललो. माझी मटणाची पातेली अजून वेगळ्या फळीवर असतात, ती गोष्ट निराळी.

२० ऑग.

लॅबची सवय कामाला आली. एका वेळी एकच बदल. दहा गोष्टी एकदम केल्या तर कशानं गुण आला, देव जाणे.

आधी बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू. दोन चक्क ढिले! दुकानदारानं बसवून दिली म्हणून मी विश्वासले. आवळले, पुन्हा मारल्या. फरक आहे, पण पोटभर नाही. मग डॉनानं नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवायला सांगितली. पुढच्या टोकाशी अडकली. नळी तापली की लाकडाला टेकते आणि गोळी भरकटते म्हणे. श्रीनं पॉलिश पेपरनं लाकूड घासून दिलं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण काम नवऱ्यानं नीट केलं. म्हणतो, “आईला सांगू नको मी मदत केली.”

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतच होत्या.

२७ ऑग.

बंदूक टेकवायला वाळूची पिशवी लागते. मी शहाणीनं श्रीच्या जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात तांदूळ भरले. सासूबाई कडाडल्या. “अन्न बंदुकीखाली? काय करून राहिली तू?” तांदूळ काढून, निवडून परत डब्यात. मग स्वतः पिशवी शिवली, दुहेरी टीप घालून. आत काय भरलं? शेजारच्या बाईनं दिलेली मांजराची वाळू, न वापरलेली. ही पिशवी नेमबाजीच्या रेंजवर सगळ्यांनी हातात घेऊन बघितली.

१० सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत मागचा शनिवार बुडाला. आज काडतुसांची परीक्षा. डॉनाचा नवरा घरी स्वतः काडतुसं भरतो, पण ती म्हणते, त्या नादाला लागू नकोस. दुकानातली तयार आण, चार प्रकारची. कुठली मानवतात ते बंदूकच सांगेल.

सांगितलं. सगळ्यात महागडी सगळ्यात वाईट. हलक्या वजनाची बरी. आणि १६५ ग्रेन वजनाच्या गोळ्यांचा साधा, कळकट दिसणारा बॉक्स. तीन गोळ्या, भोकाला भोक लागून! मी ओरडले, तर पलीकडच्या टेबलावरचा म्हातारा दचकला. एका खेपेत बनलेली, एकाच लॉटची सगळी उचल, दुसऱ्या लॉटमध्ये फरक पडतो, असं डॉना म्हणाली. लॉट नंबर म्हणजे माझी रोजीरोटी. दुकानात जाऊन एकाच नंबरचे बॉक्स शोधून काढले.

दोन गोळ्यांमध्ये नळी गार होईतो थांबायचं. थर्मासमधला चहा संपतो.

१७ सप्टें.

काल हौसेनं नळी लखलखीत पुसली, आतून तेलाचा हात दिला. आज पहिली गोळी वर डावीकडे, चांगली वीतभर नाही पण चार बोटं. पुढच्या सगळ्या जागेवर. माझं डोकं फिरलं.

डॉना शांत. “तेल. स्वच्छ नळीतून पहिली गोळी आपल्या मर्जीनं जाते. आता मोसम संपेपर्यंत आत फडकं घालायचं नाही. रेंजवर पहिली गोळी सोडून देता येते, पण हरणाला पहिलीच लागते.”

खरकट्या भांड्यात वाढल्यासारखं वाटतं मला. पण ठीक.

१ ऑक्टोबर

गार नळी, एकच गोळी, मधोमध. गेल्या शनिवारीही तसंच. बस. आता हिला हात लावायचा नाही. कुलूप.

आईंना कागद दाखवला. भोकावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथंच लागणार?” म्हटलं, इथंच. “मग ठीक आहे.”

झोप बरी लागेल आज.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी आई म्हणाल्या, “शस्त्र आहे ना घरात? मग पूजा नको?” मला वाटलं, टोमणा. नव्हता. पाट मांडलेला. त्यावर विळी, सुऱ्या, श्रीचा लॅपटॉप, आणि एक जागा रिकामी. बोल्ट काढून कपाटात बंद केला, तो नसला की गोळी सुटत नाही, आणि बंदूक पाटावर ठेवून ऑफिसला पळाले. मीटिंग.

दुपारी परत आले तर काय पाहिलं! झेंडू, कुंकू, अक्षता, आणि सगळं कसं चकचकीत. “आतून-बाहेरून पुसली हो. ह्यांच्या लेथला पुसायची ना मी दरवर्षी, तशी.” सासऱ्यांचं वर्कशॉप होतं, खंडेनवमीला सगळी अवजारं आईंच्या हातून जायची. मी वाकून नमस्कार केला आणि तिथंच रडायला आलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळी बघते तर माझी पातेली इतरांबरोबर एकाच फळीवर.

श्री म्हणतो, “शनिवारी डोंगर ओलांडणार, म्हणजे तुझंच खरं सीमोल्लंघन.” कुंकू अलगद पुसून बंदूक केसमध्ये ठेवली. आज फार बरं वाटतंय.

१५ ऑक्टो., शनिवार. डोंगरापलीकडे, मोटेल

सकाळी नऊच्या सुमारास. उतारावर नर, शिंगांना तीन फाटे, कायद्यात बसणारा. अंतर दीडशेच्या आत. आडवा उभा. डॉना कुजबुजली, “घाई नको.” घाई केली नाही. खांद्यामागे नेम, श्वास सोडला, चाप दाबला.

आणि वास आला. खोबरेलाचा. कढईत तापलेल्या खोबरेलाचा.

त्या क्षणी सगळं समजलं. आतून-बाहेरून. नळीत फडकं घालायचं नाही, डॉनानं सांगितलं होतं! मी ऐकलं होतं! रोज डोक्यात तेच घोकत होते, आणि झेंडू बघून...

गोळी पोटात मागे लागली. वाकला, उड्या घेत झाडीत गेला. दुसरी गोळी मारायला सापडला नाही.

१६ ऑक्टो.

कालचा दिवस आणि आजची दुपार शोधलं. रक्त ओढ्यापर्यंत. पलीकडे काही नाही. एका ठिकाणी गवत दबलेलं, बसला होता तिथं. उठून पुन्हा गेला. डॉना गुडघ्यांवर रांगून पानं बघत होती, सत्तरीला आलेली बाई. रागावली असती तर बरं.

तेलाचं तिला सांगितलं. तिनं नळीत पाहिलं, म्हणाली, “असेल. किंवा तू चाप झटकलास. पोटात मागे म्हणजे दोन्ही असू शकतं.”

१७ ऑक्टो.

काल रात्र होण्याआधी घरी. आईंनी दार उघडलं, आधी माझ्या हातांकडे पाहिलं. “मिळालं?” “नाही.” “नेम चुकला?” “हो.” त्यांनी पुढचं विचारलं नाही. गरम वरणभात वाढला.

श्री म्हणाला, “सुनंदा, आईला तेलाचं सांगू नको. पुढच्या महिन्यात परत जाते आहे. उरलेलं आयुष्य ती हेच घेऊन बसेल.” खरंय. पण तडफडलं एवढंच सांगितलं तर तो दोष माझा, बंदूक जाणार. कारण सांगितलं तर बंदूक राहीलही कदाचित, आणि आई...

चीड येते. आईंची नाही. येते, आईंचीही थोडी येते. मग पाटावरचे ते झेंडू आठवतात.

२२ ऑक्टो., शनिवार

रेंज. त्याच लॉटची काडतुसं, तीच पिशवी. तीन गोळ्या भोकाला भोक लागून. म्हणजे बंदूक निर्दोष. म्हणजे तेल. किंवा माझं बोट. लॅबमध्ये असते तर नळीला पुन्हा खोबरेल लावून पहिली गोळी मारून बघितली असती, एका वेळी एकच बदल. छोटी बाटली पर्समध्ये घालून नेलीही होती. उघडली नाही. गोळी डावीकडे वर गेली असती तर ते माहीत असलेलं घेऊन घरी कशी आले असते?

संध्याकाळी आईंनी पुन्हा स्टूल ओढलं. खांद्याला तेल. बराच वेळ चोळून झाल्यावर विचारलं, “तडफडलं का गं?”

“हो आई.”

हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला, हळू. “कबूल केलं होतंस.” “हो.” “बरं.” चोळता चोळता म्हणाल्या, “इतकी नीट पुसून दिली होती मी तुला.”

पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या खांद्यालाही तेल लावायला घेतलं, दुखत नसलेल्या. मी तोही खांदा पुढे केला. कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.